लाळ्या-खुरकूत आणि सीमेपलीकडचा शेजारी : दक्षिण अमेरिकेने हा रोग कसा आवरला

मे २०२५ च्या अखेरीस पॅरिसला भरलेल्या जागतिक पशु आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेत ब्राझील आणि बोलिव्हिया या शेजारी देशांना ‘लसीकरणाशिवाय लाळ्या-खुरकूतमुक्त’ हा दर्जा मिळाला. ब्राझीलमध्ये वीस कोटींहून अधिक गुरे आहेत आणि त्याची जमिनीवरची सीमा नऊ देशांना भिडलेली आहे. दक्षिण अमेरिकेत हा रोग १८७० च्या सुमारास युरोपातून आणलेल्या जनावरांबरोबर शिरला, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो तिथे ठाण मांडून होता. लस उपलब्ध होती, पशुवैद्यक होते, मांस निर्यात करून पैसा मिळवण्याची निकडही होती. तरीही रोग हटत नव्हता, कारण प्रत्येक देश आपापल्या हद्दीत लढत होता आणि गुरे मात्र हद्दी ओलांडून जात-येत होती. हा गुंता कसा सुटला, हे समजून घेणे गुरे पाळणाऱ्या कोणत्याही मुलखासाठी उपयोगाचे आहे.

आधी रोगाविषयी थोडे. लाळ्या-खुरकूत हा दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना होणारा विषाणूजन्य रोग आहे. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि डुकरे यांना तो होतो, घोड्याला होत नाही. ताप येतो, जिभेवर, हिरड्यांवर आणि खुरांच्या बेचकात फोड येऊन फुटतात, तोंडातून तारा लागाव्यात तशी लाळ गळते, जनावर वैरणीला तोंड लावत नाही आणि लंगडू लागते. मोठी जनावरे सहसा मरत नाहीत, पण लहान वासरे हृदयावर आघात होऊन दगावतात. बरी झालेली गाय पूर्वीइतके दूध देईलच असे नाही आणि बरा झालेला बैल पूर्वीसारखा ओढेलच असेही नाही. मृत्यूचे आकडे लहान असल्यामुळे या रोगाला कमी लेखण्याची चूक सर्वत्र होते. प्रत्यक्षात तो शेतकऱ्याचे उत्पन्न महिनोन्‌महिने कुरतडत राहतो.

त्याला आवरणे अवघड का, याची कारणे विषाणूच्या स्वभावात आहेत. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन ते चौदा दिवस जातात, आणि फोड दिसण्यापूर्वीच जनावराच्या श्वासातून, लाळेतून, दुधातून विषाणू बाहेर पडू लागतो. म्हणजे बाजारात धडधाकट दिसणारे जनावर विकत घेणारा माणूस नकळत रोग घरी आणतो. गाडीची चाके, माणसाचे बूट, दुधाचे कॅन यांवरूनही तो पसरतो. शिवाय या विषाणूचे सात मूळ प्रकार आहेत. एका प्रकारावरची लस दुसऱ्या प्रकारापासून वाचवत नाही. दक्षिण अमेरिकेत ओ, ए आणि सी हे तीन प्रकार फिरत होते. त्यांपैकी सी हा प्रकार २००४ नंतर जगात कुठेच आढळलेला नाही. आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ हे प्रकार आहेत, म्हणून आपल्या लशीत त्या तिघांचा समावेश असतो. शेजारच्या देशात कोणता प्रकार फिरतो आहे हे ठाऊक नसेल, तर आपल्या देशात टोचलेली लस वायाही जाऊ शकते. देशांनी एकमेकांना माहिती देण्याची गरज इथूनच सुरू होते.

या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या उगमाशी भारतातून गेलेली जनावरे आहेत. १९२० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात उतरवली गेली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी (रिंडरपेस्ट) हा गुरांचा जीवघेणा साथरोग युरोपात शिरला. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये अठ्ठावीस देशांनी पॅरिसमध्ये एक आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापले; आजची जागतिक पशु आरोग्य संघटना ती हीच. ब्राझीलला भारतीय गुरांचे वेड होते आणि ते अनाठायी नव्हते, कारण उष्ण हवा आणि गोचिडांचा उपद्रव ती सहज सोसत. आज ब्राझीलच्या मांसासाठीच्या कळपांचा मोठा भाग आंध्रातील ओंगोल जातीच्या वंशजांचा आहे. पुढे १९४६ मध्ये ब्राझीलमधून मेक्सिकोत नेलेल्या अशाच वळूंनंतर तिथे लाळ्या-खुरकूत पसरली. अमेरिकेने मेक्सिकोची गुरे घेणे बंद केले, दोन्ही देशांचा संयुक्त आयोग नेमला गेला आणि काही वर्षांत रोग आटोक्यात आला. त्या अनुभवातून १९५१ मध्ये रिओ द जानेरो येथे ‘पानाफ्टोसा’ हे संपूर्ण अमेरिका खंडासाठीचे लाळ्या-खुरकूत केंद्र उभे राहिले. ते माणसांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या अखिल अमेरिकी आरोग्य संघटनेच्या छत्राखाली चालते.

पानाफ्टोसाने केलेले सर्वांत मोलाचे काम माझ्या मते लशीचे नसून नकाशाचे आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत तिथल्या अभ्यासकांनी एक साधा प्रश्न विचारला: रोग सगळीकडे दिसतो हे खरे, पण तो टिकतो कुठे? उत्तर शोधताना त्यांनी सरकारी नकाशे बाजूला ठेवले आणि गुरांचा व्यवहार पाहिला. ज्या भागांत पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी आणि गवत निकृष्ट, तिथे गाई मोकळ्या माळांवर ठेवून फक्त वासरे पैदा केली जातात. वासरू दूध तुटल्यावर चांगल्या कुरणांच्या भागात विकले जाते, तिथे त्याला वर्ष-दोन वर्षे चारून धष्टपुष्ट करतात आणि मग कत्तलखान्याला पाठवतात. अर्जेंटिनात सालादो नदीचे खोरे पैदाशीचे आणि पांपा मैदानाचा पश्चिम भाग चराईचा, अशी ही विभागणी आहे. रोगाचा भडका चराईच्या भागात उडतो, कारण तिथे दहा ठिकाणची जनावरे एकत्र येतात. म्हणून वर्षानुवर्षे सरकारी यंत्रणा तिथेच धावत असे. पण विषाणू जिवंत राहात होता तो पैदाशीच्या माळांवर, जिथे दर हंगामात लसीविना नवी वासरे जन्माला येत आणि पशुवैद्यक क्वचितच फिरकत. मोठ्या, गरीब, आडवळणाच्या कळपांत रोग हलका दिसे आणि नोंदवलाही जात नसे.

या निरीक्षणाने सगळे बदलले. पैदाशीचे माळ, चराईची कुरणे आणि त्यांना जोडणाऱ्या गुरांच्या वाटा मिळून एक एकक होते, आणि त्या एककाच्या मधून कितीदा तरी देशाची सीमा जात होती. उरुग्वायचा उत्तर भाग, ब्राझीलचा रिओ ग्रांदे दो सुल हा प्रांत आणि अर्जेंटिनाचा मेसोपोटामिया प्रदेश यांच्यात गवत एक, जनावरे एक, घोड्यावरचा गुराखीही एकच. फक्त झेंडे तीन. आपल्याकडे हा विचार समजायला ऊसतोडीचा हंगाम पाहावा. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील बैलजोड्या दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. बैलांच्या त्या वाटेकडे दुर्लक्ष करून नुसते जिल्हावार लसीकरणाचे तक्ते भरले, तर रोगाचा माग लागणार नाही. त्यासाठी बैल निघण्यापूर्वी गावी आणि पोहोचल्यावर तळावर, अशा दोन्ही टोकांच्या पशुवैद्यकांना एकमेकांशी बोलावे लागते.

१९८७ मध्ये अर्जेंटिना, ब्राझील आणि उरुग्वाय यांनी पानाफ्टोसाच्या मदतीने ला प्लाता नदीच्या खोऱ्यासाठी करार केला. खोरे हे कामाचे एकक ठरले. लसीकरणाच्या तारखा शेजारच्या देशाशी जुळवून घ्यायच्या, साथीची खबर एकमेकांना द्यायची, सीमेवरचे पशुवैद्यक परस्परांना थेट भेटायचे, असे त्याचे स्वरूप होते. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, संपूर्ण खंडासाठी निर्मूलन योजना आखली गेली आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या समितीत प्रत्येक उपप्रदेशातून एक सरकारी आणि एक पशुपालकांचा प्रतिनिधी असे समसमान स्थान ठेवले. हा तपशील कोरडा वाटेल, पण मला तो अत्यंत महत्त्वाचा वाटतो. जनावर ज्याचे, टोचणीच्या दिवशी कळप कोंडवाड्यात आणणारा तोच आणि पहिला फोड पाहणाराही तोच. त्याला निर्णयाच्या बैठकीत खुर्ची नसेल तर फोड दिसल्यावर तो तोंड उघडणार नाही. अर्जेंटिनात तर शेतकऱ्यांच्या स्थानिक संस्थांनीच लस विकत घेऊन, टोचणारे नेमून, ठरलेल्या आठवड्यांत गावोगाव लसीकरण उरकले, आणि सरकारने तपासणी व नोंदणी सांभाळली.

त्याच सुमारास लसही सुधारली. जुनी पाण्यात बनवलेली लस जेमतेम चार महिने पुरे, म्हणजे वर्षातून तीनदा हजारो एकरांवर विखुरलेली गुरे गोळा करावी लागत. पानाफ्टोसाच्या पुढाकाराने तयार झालेल्या तेलयुक्त लशीचा परिणाम बराच काळ टिके. तिच्यामुळे लहान जनावरांना वर्षातून दोनदा आणि मोठ्यांना एकदा टोचून भागू लागले. माळावरच्या अर्धवट रानटी गुरांच्या बाबतीत तिसरी फेरी वाचणे ही केवढी मोठी सोय आहे, हे एखादे दावे तोडून पळालेले खोंड आवरलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही.

परिणाम लवकर दिसले. उरुग्वायने १९९४ मध्ये लस थांबवली आणि १९९६ मध्ये लसीकरणाशिवाय रोगमुक्त असा दर्जा मिळवला. अर्जेंटिनाने १९९९ मध्ये लस बंद केली आणि मे २००० मध्ये तोच दर्जा मिळवला. या दर्जाला पैशांत किंमत आहे: जपानसारख्या श्रीमंत बाजारांची दारे ताज्या मांसासाठी मुख्यतः अशाच देशांना उघडतात. पण ज्या कळपात अनेक वर्षे रोगही नाही आणि लसही नाही, तो कळप वाळलेल्या गवताच्या गंजीसारखा असतो. ठिणगी कुठून येईल हे मग पूर्णपणे शेजाऱ्यावर अवलंबून राहते.

ठिणगी त्याच वर्षी पडली. ऑगस्ट २००० मध्ये ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये उरुग्वायच्या उत्तरेकडील आर्तिगास विभागात ओ प्रकाराचा रोग निघाला. उरुग्वायने तत्काळ जाहीर केले, सुमारे वीस हजार जनावरे मारली आणि उद्रेक तिथेच संपवला. अर्जेंटिनात मात्र वेगळे घडले. नुकताच मिळालेला दर्जा आणि त्याबरोबर येणारे बाजार जातील या भीतीने तिथल्या अधिकाऱ्यांनी देशात फिरणाऱ्या रोगाची अधिकृत वाच्यता टाळली. मार्च २००१ मध्ये तो उघडपणे मान्य करावा लागला, तोवर ए प्रकार पांपा मैदानात फैलावला होता. त्या वर्षी अर्जेंटिनात दोन हजारांहून अधिक ठिकाणी रोगाची नोंद झाली.

शेजाऱ्याला याची किंमत महिन्या-दीड महिन्यातच मोजावी लागली. २३ एप्रिल २००१ रोजी उरुग्वायच्या सोरियानो विभागात, पाल्मितास गावाजवळ, रोग आढळला. सोरियानो उरुग्वाय नदीच्या काठी आहे आणि पलीकडच्या तीरावर अर्जेंटिना. आधी जनावरे मारण्याचे धोरण अवलंबले गेले, पण रोग वेगाने पुढे जात होता आणि स्थानिक शेतकरी धडधाकट दिसणारी गुरे मारू देण्यास तयार नव्हते. आठवड्याभरातच सरकारने कत्तल थांबवून देशातील सगळ्या गुरांना लस टोचण्याचा निर्णय घेतला. एक कोटीहून अधिक गुरांना दोन फेऱ्यांत लस दिली गेली. मेंढ्यांना दिली नाही, कारण त्या भागात रोग गुरांवर टिकतो आणि मेंढ्या त्यांच्यामागून बऱ्या होतात हे पानाफ्टोसाच्या अभ्यासाने आधीच दाखवले होते. शेवटचे रोगग्रस्त ठिकाण २१ ऑगस्टला नोंदले गेले. एकूण ठिकाणे २,०५७ आणि मारलेली जनावरे सात हजारांच्या आत. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये २,०२६ ठिकाणी हा रोग निघाला आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. दोन्ही देशांची परिस्थिती सारखी नव्हती, ब्रिटनमध्ये मेंढ्यांची वाहतूक हे मोठे कारण होते, तरी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. उरुग्वायला लस टोचून रोग संपवता आला, कारण लशीचा अनुभव होता, आणि कारण त्याच काही आठवड्यांत अर्जेंटिना आणि रिओ ग्रांदे दो सुल यांनीही आपापल्या गुरांचे सामूहिक लसीकरण पुन्हा सुरू केले. नदीच्या एकाच तीरावर टोचून भागले नसते.

रोग लपवण्यामागचा मोह समजून घेतला पाहिजे, कारण तो फक्त अर्जेंटिनाचा नाही. आजच्या व्यवस्थेत प्रामाणिकपणे खबर देणाऱ्या देशाची निर्यात दुसऱ्या दिवशी थांबते, आणि गप्प बसणाऱ्याची चालू राहते. गोठ्यापासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक पायरीवर गप्प राहण्यात तात्पुरता फायदा असतो. त्यामुळे नुसता ‘खबर द्या’ असा नियम पुरत नाही. खबर देणाऱ्याचे नुकसान भरून निघेल, बाधित भाग वेगळा काढून उरलेल्या देशाचा व्यापार चालू राहील आणि लपवलेली गोष्ट शेजाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही, अशी रचना लागते. २००१ नंतर या देशांनी नेमकी तीच उभी करायला घेतली. २००३ मध्ये अर्जेंटिना, बोलिव्हिया, ब्राझील, चिली, पराग्वाय आणि उरुग्वाय यांच्या पशुवैद्यकीय प्रमुखांची कायम समिती स्थापन झाली. एका देशाच्या यंत्रणेची तपासणी इतर देशांच्या पशुवैद्यकांनी करावी, ही पद्धत तिने रुळवली.

तरीही २००५ मध्ये ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सुलमध्ये, पराग्वायच्या सीमेलगत, रोग पुन्हा निघाला आणि २००६ मध्ये अर्जेंटिनाच्या कोरियेंतेस प्रांतात. दोष पलीकडच्यांवर ढकलण्याचे जुने भांडण सुरू झाले. त्यावर जागतिक संघटनेच्या तज्ज्ञांनी सीमाभाग पाहिला आणि २००७ मध्ये अर्जेंटिना, बोलिव्हिया, ब्राझील व पराग्वाय यांच्यात ठरले की, सीमेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा किलोमीटरचा पट्टा अति-निगराणीचा मानायचा.

हा पट्टा म्हणजे काय, हे पोंता पोरांला दिसते. ब्राझीलचे हे शहर आणि पराग्वायचे पेद्रो हुआन काबायेरो यांच्यामध्ये नदी नाही, भिंत नाही. एक रुंद रस्ता आहे आणि तो ओलांडला की देश बदलतो. शहराबाहेर तर कुंपणाच्या दोन तारा एवढीच सीमा, आणि कित्येकांची जमीन दोन्ही देशांत. अशा ठिकाणी चौकी बसवून गुरे अडवता येत नाहीत. म्हणून पट्ट्यातील प्रत्येक गोठा आणि कुरण नकाशावर नोंदले गेले, प्रत्येक जनावराच्या कानात क्रमांकाचा बिल्ला आला, आणि टोचणी शेतकऱ्यावर न सोपवता सरकारी माणसाच्या देखत होऊ लागली. फिरती पथके वाटेत ट्रक थांबवून बिल्ले आणि वाहतूक परवाने जुळवून पाहू लागली. ज्याच्या नावावर चाळीस गुरे आहेत त्याच्याकडे अचानक पंचेचाळीस निघाली, तर वरची पाच कुठून आली हे विचारता येऊ लागले, आणि उत्तर सीमेपलीकडच्या नोंदवहीत शोधता येऊ लागले. एकाच शेतकऱ्याची जमीन दोन्हीकडे असेल तर दोन्ही देशांचे पशुवैद्यक त्याच्याकडे एकत्र जाऊ शकत. या पट्ट्याला २०११ मध्ये रोगमुक्तीची मान्यता मिळाली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या व्यवस्थेची परीक्षा झाली. पराग्वायच्या सान पेद्रो विभागात रोग निघाला. या वेळी पराग्वायने लगेच जाहीर केले, मांसाची निर्यात स्वतःहून थांबवली आणि त्या ठिकाणची ८१९ गुरे मारली. शेजाऱ्यांनी आपले पट्टे बंद केले. जानेवारी २०१२ मध्ये त्याच विभागात आणखी एक उद्रेक झाला. पराग्वायचे आर्थिक नुकसान मोठे झाले, कारण मांस हा त्याच्या निर्यातीचा एक मोठा भाग आहे. पण रोग सीमा ओलांडून गेला नाही.

ब्राझीलने लस थांबवली तीही घाईने नव्हे. सान्ता कातारीना या एका प्रांताला २००७ मध्ये लसीकरणाशिवाय मुक्त दर्जा मिळाला, पाराना, रिओ ग्रांदे दो सुल आणि पश्चिमेकडील काही भागांना २०२१ मध्ये, आणि उरलेल्या प्रांतांतील शेवटची लसीकरण फेरी २०२४ मध्ये संपली. अर्जेंटिनाचा मोठा भाग, उरुग्वाय आणि पराग्वाय यांनी त्या वेळी लस चालूच ठेवली होती. एकाच खोऱ्यात टोचलेली आणि न टोचलेली गुरे शेजारी-शेजारी राहणार असल्याने बिल्ले, परवाने आणि रक्ततपासणी यांवरचा भार आता वाढला आहे. लस गेली की प्रत्येक चूक महाग पडते, आणि म्हणून संकटकाळी लगेच वापरता येईल असा लशीचा सामाईक साठा राखण्याची चर्चा या देशांनी गांभीर्याने घेतली.

भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेतून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. दर सहा महिन्यांनी टोचणी आणि कानात बारा अंकी बिल्ला ही त्याची पद्धत महाराष्ट्रातील गोठ्यांना आता परिचयाची आहे. आपल्या सीमा नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि म्यानमार यांच्याशी अशाच सलग आहेत, आणि त्या पलीकडच्या पशुवैद्यकांशी आपले तालुका पातळीवरचे नाते काय, हा प्रश्न लशीच्या मात्रांइतकाच विचारला गेला पाहिजे असे मला वाटते.

दक्षिण अमेरिकेतही काम पूर्ण झालेले नाही. २०१७ मध्ये कोलंबियाच्या आराउका विभागात, वेनेझुएलाच्या सीमेजवळ, आठ वर्षांच्या शांततेनंतर लाळ्या-खुरकूत निघाली आणि २०१८ मध्ये पुन्हा अनेक ठिकाणी आढळली. चोरट्या मार्गाने आलेल्या गुरांकडे कोलंबियाच्या अधिकाऱ्यांनी बोट दाखवले. वेनेझुएलाला अद्याप रोगमुक्तीचा कोणताही अधिकृत दर्जा नाही. तिथली अर्थव्यवस्था कोसळल्यावर पशुवैद्यकीय सेवाही ढासळली, आणि सरकारांमधील संबंध इतके बिघडले की सीमाच बराच काळ बंद राहिली. बंद सीमेतून गुरे चोरून जातच राहिली, मात्र दोन्ही बाजूंच्या पशुवैद्यकांचे बोलणे थांबले. त्या काळात वेनेझुएलातील लसीकरण चालू राहावे म्हणून पानाफ्टोसाने तिथल्या पशुपालकांच्या संघटनांना आणि सरकारी खात्याला तांत्रिक साहाय्य दिले. ब्राझीलच्या उत्तरेकडील रोराइमा प्रांताची सीमा याच देशाला लागून आहे, आणि रोराइमातील गुरांनाही आता लस टोचली जात नाही.